सारवण ते सीलर: सोलापूरच्या घरातल्या जमिनीची गोष्ट

नेहमीप्रमाणे या भागाचा लिखित मजकूर इथे देतोय. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आज किल्ला नाही, लढाई नाही. आज आपण खाली बघायचंय, पायाखाली. ज्या फरशीवर बसून तुम्ही हे ऐकताय किंवा वाचताय, तिच्याबद्दल बोलायचंय. आणि फरशीपेक्षाही जास्त, दोन फरश्यांच्या मधल्या त्या बारीक रेघेबद्दल. आपले गवंडी तिला दरज म्हणतात. दुकानात गेलात तर ग्राउट म्हणतील.

तर झालं असं. गेल्या दिवाळीच्या आधी घरात साफसफाई सुरू होती. आमच्या न्हाणीघरातल्या टाइल्सच्या दरजा काळ्या पडलेल्या. आईने दरवर्षीप्रमाणे दारावर येणाऱ्या माणसाकडून ॲसिडची बाटली घेतली. ओतलं, फेस आला, घासलं. रेघा काही पांढऱ्या होईनात, म्हणून तिने वरून घरातली ब्लीचिंग पावडर टाकली. दार लोटलेलं, खिडकी एवढीशी. दोन मिनिटांत आई खोकत बाहेर आली ती भिंत धरूनच. डोळ्यांतून पाणी वाहतंय, श्वास घेता येईना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला, काही तास तिथेच ठेवून घेतलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच."

रात्री आई घरी आली. पलंगावर टेकली आणि पहिलं वाक्य काय बोलली माहितीये?

"रेघा निघाल्या का रे?"

त्या वाक्याने मला झोप लागू दिली नाही. एका काळ्या रेघेसाठी माणूस एवढा जीव का टाकतो? ही रेघ आपल्या घरात आली कधी? आधी काय होतं? मी शोधत गेलो, आणि गोष्ट आमच्या साखर पेठेतल्या घरातून निघून पार निजामाच्या राज्यात जाऊन परत आली.

आज्जीचं एक वाक्य

आईच्या त्या प्रकारानंतर मी ठरवलं, आता माणूस बोलवायचा. हल्ली आपल्या शहरातही दरजा साफ करून, नव्याने भरून, वर सीलर लावून देणारे लोक मिळतात. आमच्याकडे जो आला तो माझ्याच वयाचा. हातात टॉर्च, ब्रश आणि एक छोटं मशीन. न्हाणीघरात उकिडवा बसला, दरजेवरून नख फिरवलं. नखाबरोबर पांढरी माती निघाली.

"काकू, घाण नाही राहिली इथं. दरजच राहिली नाही. ॲसिडनं खाल्ली," तो म्हणाला.

मग त्याने समजावलं. उरलेली दरज खरवडून काढायची, नवीन भरायची, सुकू द्यायची, आणि मग तिला सील करायचं, म्हणजे पाणी आत मुरणार नाही. आमची आज्जी दारात बसून ऐकत होती. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत. तिने शांतपणे विचारलं,

"म्हंजे सारवायलाच आलायस की रे तू."

तो हसला. आम्हीही हसलो. पण नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, आज्जी शंभर टक्के बरोबर बोलली होती.

दरज नसलेली जमीन

आज्जीच्या लहानपणी घरात फरशी नव्हती. माती चोपून केलेली जमीन, तिच्यावर शेणाचं सारवण. आपल्याला वाटतं सारवण म्हणजे फक्त पावित्र्य, सणवार, सडा-रांगोळी. ते आहेच. पण त्यात एक साधं तंत्रही आहे. मातीची जमीन वाळली की तडकते आणि चालून चालून तिची धूळ उडते. शेणात न पचलेल्या गवताचे बारीक तंतू असतात. ते मातीला धरून ठेवतात, भेगा बुजवतात, वर एक पातळ थर तयार होतो. हा थर झिजतो, म्हणून दर काही दिवसांनी पुन्हा द्यावा लागतो.

म्हणजे बघा: झिरपणारा पृष्ठभाग, त्याची भोकं बुजवणारा पातळ थर, आणि तो थर ठरावीक काळाने पुन्हा देणं. सीलरच्या डब्यावर आज नेमकं हेच लिहिलेलं असतं. फरक एवढाच की तेव्हा हे काम घरातली बाई पहाटे उठून करायची आणि त्याला काम म्हणायची पद्धत नव्हती.

सोलापुरात या मातीच्या जमिनीला आणखी एक कारण होतं. आपलं शहर विणकरांचं. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर बसली. यातला एक जुना प्रकार म्हणजे खड्डामाग. नावातच आहे. जमिनीत खड्डा खणायचा, विणकराने काठावर बसून पाय खड्ड्यात सोडायचे, आणि माग चालवायच्या पट्ट्या खाली पायाने दाबायच्या. घराची जमीन हाच यंत्राचा अर्धा भाग. शिवाय मातीतला ओलावा सुताला लागतो. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत कडक होऊन तुटतं, खड्ड्याजवळच्या गारव्यात ते टिकतं. अशा घरात दगडी फरशी घालायची म्हणजे मागच बंद करायचा.

म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. जमीन कशी असावी हे आधी घरातल्या कामावरून ठरायचं. शोभा नंतर.

जे पैसेवाले होते त्यांच्या वाड्यांत चुन्याचा कोबा असायचा. चुना आणि वाळू घाणीत मळायची, घाणीला बैल जुंपलेला, आणि मिश्रणात गूळ, हिरडा, बेलफळ असलं काहीबाही घालायचं, म्हणजे चुना चिवट होतो. मग तो पसरून, चोपून, दगडाने घोटून घोटून आरशासारखा करायचा. घोटणं म्हणजे काय? वरची भोकं दाबून बंद करणं. पुन्हा तेच काम. सारवलेल्या जमिनीला आणि कोब्याला एक गोष्ट नव्हती: दरज. अख्खी जमीन एकसंध. काळी पडायला रेघच नव्हती.

आगगाडीने आणलेला दगड

आता सोलापूरहून हैदराबादच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसा. होटगी, अक्कलकोट रोड, दुधनी, मग कलबुर्गी, आणि त्याच्या पुढे शहाबाद. हो, शहाबादी फरशीतलं शहाबाद ते हेच. कितीतरी लोकांना शहाबादी हे फक्त फरशीचं नाव वाटतं, गाव आहे हे माहीतच नसतं.

सोलापूर उभं आहे ते काळ्या बसाल्टवर, लाव्हाच्या दगडावर. हा दगड चिवट. त्याचे चौकोन घडवून भिंती बांधता येतात, पण त्याच्या पातळ सपाट लाद्या सहज निघत नाहीत. शहाबादच्या बाजूला मात्र लाव्हाचं पठार संपत येतं आणि त्याच्या खालचा, त्याहून कित्येक पटींनी जुना चुनखडक वर दिसायला लागतो. हा खडक समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला. वहीच्या पानांसारखे थर. पहार घातली की लादी सुटी होते. निसर्गानेच कापून ठेवलेली फरशी.

पण दगड जड. बैलगाडीने किती नेणार? इथे आली रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1860 मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचली, आणि 1871 मध्ये हाच मार्ग पुढे रायचूरला मद्रासकडून येणाऱ्या रेल्वेशी जोडला गेला. शहाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. ते या मार्गावर आलं आणि तिथला दगड वाघिणीत बसून दूरदूर जायला लागला. सोलापूर तर त्याच मार्गावर, दीडशे किलोमीटरच्या आत.

1877 मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या, शहर वाढलं. विसाव्या शतकात खड्डामागाची जागा हळूहळू यंत्रमागाने घेतली. यंत्रमाग खड्ड्यात बसत नाही, त्याला टणक, सपाट तळ लागतो, कारण तो दिवसभर हादरे देतो. ज्या घरात माग बदलला त्या घरातली जमीनही बदलली. शहाबादी फरशी स्वस्त, जवळची आणि कणखर. घर असो, कारखाना असो, शाळेचा व्हरांडा असो, सगळीकडे तीच. आमच्या पुढच्या खोलीतली फरशी आजोबांनी 1970 च्या दशकात घातली. आज्जी सांगते, त्या दिवशी तिला सगळ्यात मोठा आनंद कशाचा झाला असेल तर सारवण सुटलं याचा.

पण फरशीबरोबर दरज घरात आली. शहाबादीच्या कडा हाताने टाकी मारून तोडलेल्या, त्यामुळे दोन लाद्यांमध्ये अर्धा बोट जागा राहायची. त्यात आधी चुना, नंतर सिमेंट भरायचे. ही दरज करडी, फरशीही करडी. त्यामुळे मळली तरी कुणाला दिसायची नाही.

आज्जीचा कोपरा

इथे जरा थांबतो, कारण पुढच्या खोलीतल्या एका फरशीबद्दल सांगायलाच हवं.

आमची आज्जी विडी कामगार. सोलापुरात हजारो बायकांनी विड्या वळून घरं चालवली. ओली करून ठेवलेली पानं, कात्री, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि दिवसभर जमिनीवर बैठक. कुंभारीला 2006 मध्ये विडी कामगार महिलांसाठी 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, आणि 19 जानेवारी 2024 रोजी रे नगरमधल्या 15,000 घरांचं लोकार्पण झालं. या शहरात विडीचं काम किती मोठं आहे हे त्या आकड्यांवरून समजावं. आणि या कामात घरातली फरशी हीच कामाची जागा असते. ऑफिसात टेबल असतं ना, तशी.

आज्जी खिडकीखालच्या एकाच लादीवर बसायची. ती लादी आजही बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत आहे. आणि तिच्या भोवतीच्या दरजा तपकिरी. तंबाखूची भुकटी चाळीस वर्षं त्यात बसलीय. पावसाळ्यात दमट हवा झाली की त्या कोपऱ्यातून अजून बारीकसा वास येतो. म्हणजे दरजेची भोकं काय काय धरून ठेवतात बघा.

बाबांचं मत होतं, "ही फरशी आता काढून टाकू. वरून व्हिट्रिफाइड घालू. किती दिवस हा काळा दगड?" आज्जी काही बोलत नव्हती. तीच माझी खरी अडचण होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

टाइल्स आणि स्वातंत्र्य

शहाबादीच्या बरोबरीनेच दुसरी एक गोष्ट मुंबईत घडत होती. एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या मोठ्या इमारतींसाठी मिंटनसारख्या इंग्लिश कारखान्यांतून रंगीत टाइल्स जहाजाने यायच्या. सिमेंटही परदेशी. 1914 मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघायला लागलं आणि या उद्योगाने देशात बस्तान बसवलं. शहाबादच्या चुनखडकातूनही पुढे सिमेंट तयार झालं. म्हणजे एकाच खडकाची फरशी, आणि त्याच खडकाची दरज!

1922 मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी भारत टाइल्स ही कंपनी सुरू केली. स्वदेशीचा काळ होता. परदेशी कापडाला पर्याय जसा हवा, तसा परदेशी टाइलला का नको, हा त्यामागचा विचार. या सिमेंटच्या टाइल्स भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओतायचं, मोठ्या दाबाखाली ठेवायचं, मग पाण्यात मुरवायचं. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत वेलबुट्टीच्या फरश्या दिसतात ना, त्यातल्या पुष्कळशा अशा सिमेंटच्या.

मग आली मोझॅक. संगमरवराची खडी सिमेंटमध्ये घालून केलेली टाइल. ती बसवल्यावर त्याच रंगाच्या सिमेंटने दरज भरायची आणि अख्ख्या खोलीवर मशीन फिरवून घासायची. चांगल्या कारागिराच्या हातची मोझॅक बघा, दरज शोधावी लागते. आपल्या शाळा, बँका, एसटी स्टँड, सगळे या फरशीवर उभे राहिले.

पांढरी रेघ आणि काळी लाज

आणि मग आपल्या पिढीची फरशी आली. गुजरातेत मच्छू नदीकाठी मोरबी नावाचं शहर आहे. पूर्वी कौलं आणि भिंतीवरची घड्याळं यांसाठी प्रसिद्ध. आज देशातल्या बहुतेक टाइल्स तिथे भाजल्या जातात. भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स, आणि 2000 नंतर घराघरांत पोहोचलेल्या मोठ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. व्हिट्रिफाइड म्हणजे एवढ्या उष्णतेला भाजलेली की माती काचेसारखी घट्ट होते. ती स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही.

आता गंमत ऐका. फरशी पाणी प्यायची बंद झाली. पण दरज? ती अजून सिमेंटचीच. म्हणजे खोलीतलं सगळं पाणी, सगळी घाण आता फक्त त्या दोन-तीन मिलिमीटरच्या रेघेत जाणार. आणि ती रेघ पांढरी. 1980 च्या दशकात राजस्थानात व्हाइट सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले आणि पांढऱ्या टाइलला पांढरी दरज ही फॅशन झाली. मातीच्या जमिनीत दरज नव्हती. शहाबादीत होती, पण दिसत नव्हती. पांढऱ्या न्हाणीघरात मात्र ती डोळ्यांत खुपायला लागली. पाहुणा न्हाणीघरात गेला की घरातल्या बाईच्या पोटात गोळा. काळी रेघ म्हणजे तिची लाज.

त्यात सोलापूरचं पाणी. नळाला काही दिवसांआड येतं, मध्ये बोअरचं वापरायचं, आणि आमच्या भागातलं बोअरचं पाणी एवढं जड की बादलीला पांढरा थर बसतो. तो थर टाइलवर, दरजेवरही बसतो. मग यावर उपाय म्हणून आली ॲसिडची बाटली.

ॲसिड टाकलं की फेस येतो आणि आपल्याला वाटतं घाण निघतेय. पण सिमेंटच्या दरजेत चुना असतो आणि ॲसिड चुना विरघळवतं. त्या फेसातला मोठा भाग म्हणजे तुमची स्वतःची दरज असते. पहिल्यांदा ती पांढरी दिसते, कारण वरचा थर गेलेला असतो. पण आता ती आधीपेक्षा खरबरीत, जास्त भोकांची. म्हणून लवकर काळी होते. म्हणून पुन्हा ॲसिड. आणि शहाबादी तर अख्खी चुनखडकाची, तिच्यावर ॲसिड म्हणजे फरशीच खाणं.

2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. बायकांवर होणारे हल्ले हे त्यामागचं कारण. विकणाऱ्याने नोंद ठेवायची, घेणाऱ्याने ओळखपत्र दाखवायचं. तरी आमच्या दारावर ती बाटली साध्या प्लॅस्टिकमध्ये, नाव-गाव नसलेली येतच राहिली.

मग सीलर म्हणजे नेमकं काय?

आमच्याकडे आलेल्या त्या मुलाने मला हे सगळं करून दाखवलं. त्याच्याकडून आणि नंतर वाचून जे कळलं ते थोडक्यात सांगतो.

सीलरचे ढोबळ दोन प्रकार. एक वर पापुद्रा धरणारा, वार्निशसारखा. दुसरा आत मुरणारा. मुरणाऱ्या सीलरमध्ये सिलिकॉनच्या कुळातली रसायनं असतात. ती भोकांच्या भिंतींना चिकटतात. भोक बंद होत नाही, पण पाणी त्यात शिरत नाही. अळूच्या पानावर थेंब गोळा होऊन राहतो ना, तसं. आतली वाफ मात्र बाहेर पडू शकते. या रसायनांवर इंग्लंडमध्ये फ्रेडरिक किपिंग नावाच्या प्राध्यापकाने कित्येक वर्षं काम केलं, आणि शेवटी त्यालाच वाटत होतं की यातून व्यवहारात फारसं काही निघणार नाही. तो निवृत्त झाल्यावर काही वर्षांतच, दुसऱ्या महायुद्धात, सिलिकॉनचे कारखाने निघाले.

आता कामाच्या गोष्टी.

व्हिट्रिफाइड टाइलला सीलर लागत नाही. कुणी अख्ख्या खोलीचे चौरस फूट मोजून पैसे मागत असेल तर विचारा, कशाला? गरज दरजेला असते. शहाबादी, कोटा, सिमेंट टाइल यांना मात्र फरशीसकट उपयोग होतो.

दरज एपॉक्सीची असेल तर तिला सील करायची गरज नाही. ती रेझिनची असते, पाणी पीत नाही. महाग असते आणि भरायला हात बसलेला लागतो.

सिमेंटची नवीन दरज भरली की लगेच सीलर लावायचा नाही. तिला पक्कं व्हायला आणि सुकायला वेळ द्यायचा. किती दिवस ते डब्यावर लिहिलेलं असतं. घाई केली की ओल आत अडकते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: सीलर म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. खालच्या मजल्याच्या छताला ओल येत असेल तर दोष बहुतेक वेळा फरशीच्या खाली असतो, पाइपात किंवा नहाणी ट्रॅपमध्ये. हा नहाणी शब्द आपल्या न्हाणीतलाच बरं का. देशभरातल्या प्लंबिंगच्या दुकानांत तो चालतो.

तपासायचं कसं? दरजेवर पाण्याचा एक थेंब टाका आणि पाच-दहा मिनिटं थांबा. दरज काळपट झाली तर ती पाणी पितेय. थेंब तसाच उभा राहिला तर ठीक. मी हे आमच्या पुढच्या खोलीत करून बघितलं. खिडकीखालच्या दरजेने थेंब बघता बघता पिऊन टाकला.

बिल

न्हाणीघरात आम्ही एपॉक्सी भरून घेतली. पुढच्या खोलीचं बोलणं निघालं तेव्हा त्या मुलाने बाबांना सांगितलं, "काका, या फरशीला अजून पन्नास वर्षं काही होत नाही. फक्त ॲसिड बंद करा. मी दरजा भरून देतो, वर मुरणारं सीलर मारतो." बाबा कुरकुरले. व्हिट्रिफाइडचा नाद अजून सुटला नव्हता. मग आज्जी बोलली. एवढंच म्हणाली, "माझी बसायची जागा तेवढी ठेवा."

दरजा खरवडताना खिडकीखालून तंबाखूची भुकटी निघाली. ओंजळभर नसेल, पण दिसण्याइतकी. आज्जीने ती हातात घेऊन वास घेतला आणि टाकून दिली. मला वाटलं होतं ती भावुक होईल. ती म्हणाली, "याच्यानं खोकला लागायचा मला."

काम संक्रांतीच्या आधी, गड्ड्याची यात्रा भरायच्या वेळेला संपलं. त्या मुलाने व्यवस्थित बिल दिलं. ओळी पाडलेल्या: साफसफाई, दरज खरवडणे, दरज भरणे, सीलर, मजुरी. बाबा म्हणाले, "पुसायचे आणि घासायचे एवढे पैसे?" मीही मनात तेच म्हणत होतो, खोटं कशाला बोलू.

आईने तो कागद बाबांच्या हातातून घेतला. चष्मा लावून एकेक ओळ वाचली. मग तिने त्या मुलाला विचारलं, "मजुरीत किती तास धरलेत रे?"

"चौदा, काकू."

आई काही बोलली नाही. कागदाची नीट घडी घातली आणि स्वतःच्या कपाटात, साड्यांखाली ठेवली. बाबांनी विचारलं, कशाला जपून ठेवतेस? "असू दे," म्हणाली.

मंडळी, या भागासाठी मी बरंच वाचलं, पण मला जे सांगायचं होतं ते त्या घडी घातलेल्या कागदात आहे. पहाटेचं सारवण, कोब्याची पुसणी, शहाबादीचं घासणं, पांढऱ्या रेघेवरचं ॲसिड, हे सगळं दरज सांभाळण्याचंच काम. घरातल्या बाईने केलं तोवर त्याला ना तास होते, ना ओळी, ना मजुरी. बाहेरचा माणूस आला आणि त्याचं बिल झालं. त्या मुलाची मजुरी जास्त नव्हती, हे मला आता कळतं. आपल्यालाच इतके दिवस हिशेब माहीत नव्हता.

तेव्हा आज घरी गेलात की दोन गोष्टी करा. न्हाणीघरात ॲसिडची बाटली असेल तर तिच्या जवळ ब्लीचिंग पावडर ठेवू नका, आणि ही दोन कधीही एकत्र होऊ देऊ नका. कुणाच्या हातून चुकून झालंच तर आधी माणूस मोकळ्या हवेत आणा, रेघा राहू द्या. आणि दुसरं, न्हाणीघर घासायची पाळी आपली लावून घ्या. आमच्याकडे आता रविवार माझा आहे. पहिल्या रविवारी आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "कोपऱ्यात राहिलंय."

राहिलं होतं. पुन्हा घासलं.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरातली सगळ्यात जुनी फरशी कोणती आणि तिच्यावर कोण बसायचं, ते मला नक्की कळवा.